तात्यांची तोंडी हरकत

मंगळवार, संध्याकाळ. जळोची.

१. मी काम करते त्या कंपनीचं भागभांडवल कमी करायला कंपनी न्यायाधिकरणाने आज मंजुरी दिली.
२. लहान भागधारकांचे शेअर मोबदला देऊन रद्द होणार. वरकुट्याच्या तात्यांचेही.
३. आदेशात लिहिलंय: एकही हरकत आली नाही.

आली होती. माझ्याकडे. तात्या, माझे चुलते, हरकतीची मुदत संपण्याआधी कंपनीची नोटीस घेऊन इथं आले होते. "पैसं नगं. आपल्या घरात पयल्यांदा कशाचं तरी मालक म्हणून नाव लागलंय. शेअरचा कागद बुद्धांच्या फोटोशेजारी लावलाय. न्हाय म्हणून सांग तुझ्या सायबाला."

"सांगते," मी म्हणाले, आणि साहेबांना सांगितलंच नाही. कंपनीतल्या पुतणीला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं, असा त्यांचा हिशेब. लेखी द्या, असं मी का म्हणाले नाही? विसरले, की तेच सोयीचं होतं?

मघाशी त्यांचा फोन आला. "सांगितलंस न्हवं? मग फोटोशेजारचा कागद ऱ्हातोय." फोन ठेवून मी आदेश पुन्हा उघडला.

एका हरकतीने निकाल कदाचित बदलला नसता. पण आदेशातलं ते तिसरं वाक्य खोटं आहे, आणि ते कंपनीसाठी मी तयार केलेल्या प्रतिज्ञापत्रातून आलंय.

साहेबांना आत्ता पाठवलं:

"वरकुटे येथील भागधारकाची हरकत मुदतीत माझ्याकडे तोंडी आली होती. मी ती नोंदवली नाही. हे न्यायाधिकरणाला कळवणे आवश्यक आहे. कृपया शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर द्यावे."