वरवंटा आणि हिमालय

३ जानेवारी २००१
संकल्प. हिमालय अजून का वाढतो, हे आमच्या नंदाखाल गावात बसून सिद्ध करायचं. आपली जमीन उत्तरेला सरकते, पुढे अडते. चटई भिंतीशी ढकलली की सुरकुती पडते, तसा डोंगर. मधूनच खडक तुटतो, तो भूकंप. त्याची थरथर कागदावर उतरली की ढकलाढकल कळते. दोन पुस्तकं वाचलीत. पुरे.

५ जानेवारी
यंत्र तयार. डालड्याच्या डब्यावर कागद, डबा फिरवायला जुनं घड्याळ. पेनाला जड लोलक हवा होता, मनोरमेचा वरवंटा टांगला. तिने विचारलं, चटणी कशाने वाटू? मिक्सर आहे की, म्हटलं. तर म्हणे, मिक्सरची चटणी ताटात टाकून उठतं कोण? विज्ञान आणि बायको!

९ जानेवारी, स. ११.१०
मोठा धक्का! हिंदुकुश असणार. व्याही रामनाथरावांना लगेच फोन. आमच्या विनिताचे सासरे, भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक.

११.३०
शेजारचा फेबियन नारळ पाडत होता. कुंपणावरून म्हणाला, काका, तुमचा हिमालय आमच्या वाडीत पडलाय, सोलून देऊ? यंत्र निर्दोष आहे. नारळाचं चुकलं.

१४ जानेवारी
रामनाथराव फोनवर म्हणाले, वरवंट्याने खोबरं वाटा. मग म्हणाले, सव्वीसला नाश्त्याला येतो, एक खरा भूकंप कागदावर दाखवा, आमच्या कॉलेजात तुमचं व्याख्यान ठेवतो. मॅट्रिकनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. आता थेट व्यासपीठ.

२१ जानेवारी
आठवडाभर पहारा. एसटी चार, नारळ अकरा. मनोरमेने आपटलेली दारं मोजली नाहीत. पृथ्वी आळशी आहे.

२५ जानेवारी
व्याख्यान लिहून झालं, सहा पानं. भूकंप तेवढा बाकी.

२६ जानेवारी, स. ८.२०
रामनाथराव नऊला येणार. व्याह्यांच्या पानात मिक्सरची चटणी? मलाच बरं वाटेना. स्वतः वरवंटा सोडून मनोरमेला दिला. अर्ध्या तासात काय होतंय!

८.५५
जमीन हलली. दिवा झुलला, विहिरीचं पाणी हिंदकळलं. फेबियन ओरडत बाहेर. मनोरमा अंगणात, हातात वरवंटा, त्याला चटणी. कागदावर सरळ रेघ. लोलकच नव्हता.

संध्याकाळी
टीव्हीवर भुज. घरंच्या घरं जमिनीवर. रामनाथराव एवढंच म्हणाले, हीच ती ढकलाढकल. व्याख्यानाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. चटणी तशीच राहिली.
मनोरमेने वरवंटा धुऊन आणला. म्हणाली, टांगा. टांगला.
रेघ सरळ येतेय. येऊ दे.