झारी आणि जेवणाच्या टेबलावरचे छत

२ मे, सकाळ
लेकीच्या होणाऱ्या सासरी, परदेशात, सुखरूप पोहोचलो. शनिवारी लग्न, मेजवानी याच घरात. हयातभर विज्ञान शिकवल्यामुळे कोणतीही परिस्थिती मी निरीक्षण, अनुमान आणि प्रयोग या क्रमाने हाताळतो. निरीक्षण: आमच्या वरच्या बाथरूममध्ये कागदाची गुंडाळी आहे; तांब्या, प्लास्टिकचा मग, जेट यांपैकी काहीही नाही. अनुमान: हे सुधारलेले लोक पाण्याला घाबरतात. लेक म्हणाली, बाबा, आठवड्याचा तर प्रश्न आहे, कागद वापरा. निश्चय: वापरणार. माणसाने लवचीक असावे.

२ मे, दुपार
निश्चय मागे घेतला. कारणे शास्त्रीय आहेत.

३ मे
विहीणबाईंच्या कुंड्यांशेजारी लांब चोचीची झारी सापडली. धार, कोन, वेग, सर्व काही आपल्या हातात! ती जवळ बाळगता यावी म्हणून झाडांना पाणी घालण्याची जबाबदारी स्वतःहून स्वीकारली. विहीणबाई भारावल्या. लेकीने भाषांतर केले, की तुमच्याकडची माणसं निसर्गाच्या फार जवळ असतात, असं त्या म्हणतायत. मी नम्रपणे मान हलवली. सौ. म्हणाल्या, कुंड्या खाली आणि झारी वर, हे कसलं बागकाम? दुर्लक्ष केले.

४ मे
पद्धत यशस्वी. थोडे पाणी सांडते, पण ते मोरीतून जाईल.

५ मे
बाथरूमला मोरीच नाही. पाणी तरीही नाहीसे होते. बांधकाम उत्तम दर्जाचे असावे.

६ मे
जेवताना व्याह्यांनी वर बोट दाखवले. टेबलाच्या बरोबर वर, छताला ताटलीएवढा पिवळसर डाग. मी तत्काळ पुढाकार घेतला. दमट हवा थंड छताला लागली की काय होते, हे पेपर नॅपकिनवर आकृती काढून, लेकीकडून भाषांतर करवून घेत, टप्प्याटप्प्याने समजावले. बऱ्याच दिवसांनी असा विद्यार्थी मिळाला. लेक मात्र आकृतीकडे न बघता माझ्याकडे बघत होती. छताच्या वर नेमके काय आहे, हे मला त्यानंतर सुचले.

७ मे
झारी निम्मीच भरतो आहे. व्याही शिडीवर चढून छत ठोकत होते; एक ढलपा थेट टेबलावर पडला. आज सांगून टाकायचेच, असे ठरवले. लेकीला भाषांतराला बसवून सुरुवातही केली. पण बोलता बोलता विषय धातूच्या प्रसरणाकडे गेला.

८ मे
जिन्यात होतो. खाली लेक व्याह्यांना सांगत होती, की छताचा घोळ तिच्यामुळे झाला. लहानपणापासूनची सवय, अंघोळ करताना पाण्याचं भान राहत नाही. व्याही गमतीने म्हणाले, तुमच्याकडे घरातच नदी लागते म्हणायची. सगळे हसले. लेकही हसली. ते हसू माझ्या ओळखीचे आहे. मी तिच्याच वर्गावर शिकवायचो आणि मुले माझी नक्कल करायची, तेव्हा ती अशीच हसायची.
मी झारी घेऊन तिथेच उभा राहिलो. त्यांची भाषा मला इतपत समजते, हे कोणाला ठाऊक नाही.

९ मे, सकाळ
व्याह्यांना गाठले आणि आकृती न काढता, मोडक्यातोडक्या का होईना, त्यांच्याच भाषेत सांगितले: पाणी मी सांडले, लेकीने नाही. ते म्हणाले, माहीत आहे. तिची खोली तळमजल्यावर आहे, ती वर अंघोळीला येतच नाही. मग त्या दिवशी जेवताना माझे ऐकत का बसलात, असे मी विचारले. ते म्हणाले, तुम्ही इतक्या आनंदाने समजावत होतात.
लेक मागे उभी होती. तिने पुढे येऊन माझी कॉलर नीट केली.

९ मे, दुपार
जेवणाचे टेबल मागच्या अंगणात हलवले आहे. लेकीने तळमजल्यावरचे तिचे बाथरूम मला दिले आहे. त्याच्या खाली फक्त जमीन आहे.