न सापडलेले अकरा पिनकोड

सोमवार, ४
नकाशा म्हणाला, स्टँडपासून घर दोन मिनिटं. नकाशाला गुडघे नाहीत. अर्धा तास पाय ओढत आले. असो. वही, नमस्कार. आजपासून मुक्काम नातीकडे. घर उजेडाचं, चहा गोड, नात त्याहून गोड. एकटीच राहते, अँब्युलन्सच्या ऑफिसचं काम घरून करते. म्हणाली, आजी, नुसती बसून गंजशील, मला मदत कर.

मंगळवार, ५
काम सोपं. नकाशाच्या साइटवर पिनकोड टाकायचा. साइट दोन लांबलचक आकडे देते, ते तक्त्यात त्या पिनकोडापुढे डकवायचे. बोलावणं आलं की अँब्युलन्स त्याच आकड्यांवर जाते म्हणे. चौथी नापास बाईच्या हाती केवढा कारभार! सापडणार नाही ती चौकट रिकामी सोड, ती मी बघेन, असं नातीने दोनदा बजावलं.

बुधवार, ६
नऊशे उरकले. अकरा सापडेनात. रिकामी चौकट म्हणजे मास्तरांपुढे कोरी पाटी. नाक कशाला कापून घ्या? नकाशात आपल्याच घरावर बोट दाबलं, आले ते आकडे अकराही ठिकाणी डकवले. नातीने तक्ता तसाच पाठवला. म्हणाली, आजी, तू तर माझ्याही वर निघालीस. मी फुगले.

शनिवार, ९
दुपारी दारात अँब्युलन्स. ड्रायव्हर विचारतो, पेशंट कुठाय. मी म्हटलं, इथे सगळे ठणठणीत, चुकलास बाबा. तो वैतागला. कुणा म्हाताऱ्याच्या छातीत कळ आलीय, आणि ठिकाण तर हेच दाखवतंय म्हणाला. माझ्या लक्षात आलं, आकडे मी डकवलेलेच. मी दार लावून घेतलं. नात आंघोळीला होती, तिला काही सांगितलं नाही.

सोमवार, ११
म्हातारा गेला. ऑफिसचा फोन आला, तक्त्यावर नातीचं नाव. रडत विचारत होती, आजी, मी कुठे चुकले गं? मी पाणी दिलं. नुसतं पाणी.

मंगळवार, १२
घरच्या तक्त्यातल्या अकराही चौकटी पुसल्या; ऑफिसात गेलेला तक्ता तसाच. नकाशा उघडला, ठिपका आपल्या घरावरच. अंगणात एक म्हातारा. एका पायात चप्पल, हात छातीवर. कोण हवंय विचारलं. म्हणाला, गाडी इथे आली होती म्हणे, म्हणून मीच आलो.
नातीला अंगण रिकामं दिसतं.

गुरुवार, १४
ऑफिसचे आणखी फोन. अंगणात आता सहा. एक बाळंतीण — हात रिकामे. सगळे नातीचं नाव घेतात. माझं कुणाला ठाऊकच नाही. आणि मी अजून —

शुक्रवार, १५
भर दुपार. अकरा जण. दार वाजतंय, आता नातीलाही ऐकू येतंय.
सगळं सांगून टाकलं तिला. ओरडली नाही. नाव माझं आहे म्हणाली, आणि उठली —
कडीला हात लावू नकोस. मागे हो, पोरी. नाव तुझं, हात माझा होता. जबाब मी द्यायचा. तू ओ देऊ नकोस, कितीही हाका मारल्या तरी तू —