बॅबिलोनची साठ मिनिटं

पिंपळनेर, रविवार

अक्का, इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही.

इथल्या वाचनालयात मी मुलांना गणित कुठून आलं ते शिकवते. परवा सांगितलं, शून्य आपल्याकडचं, पण तासाची साठ मिनिटं बॅबिलोनची. झालं! अध्यक्ष हितेंद्रभाऊ आले. "बाई, बठ्ठं आपलंच शे, सगळं आपलंच, असं सांगा. नाहीतर वर्गाची खोली सोडा." वर टोमणा, "कॉन्व्हेंटचं शिक्षण!"

"हो," म्हटलं, "तिथं खोटं बोललं की पट्टी बसायची. शून्य खरंच आपलं आहे, त्याला खोट्याचा टेकू कशाला?"

खोलीला कुलूप लागलं. आता वर्ग बंद, जळगावला तुमच्याकडे परतावं लागणार, या विचारानं दोन दिवस घास उतरला नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आज मैदानात वर्ग भरवला. पूर्वी माणसं सावलीवरून दुपार कशी ओळखत, ते दाखवायला काठी हवी होती. हितेंद्रभाऊंची नात नूतन धावत जाऊन आजोबांचीच काठी घेऊन आली! ती मी मातीत रोवली, तोच मागोमाग तेही भिंत धरत आले. म्हटलं, "बसा, भाऊ. सावली सगळ्यांत आखूड होईपर्यंत काठी उपटायची नाही." बसले बिचारे, आणि बॅबिलोनसकट सगळं ऐकलं.

नानांचं पथ्य सांभाळतेस ना? मी एवढ्यात येत नाही.

तुझी हट्टी,
ज्योत्स्ना