गाडी येऊन राहिली

उदगीर
५ जुलै २०२५

चि. संगमेश यास शिवमूर्तीमामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडं सगळी खुशाली. तू माझ्या घरी राहून शिकलास तेव्हापासून आपलं ठरलेलं हाय, फोनवर खुशाली आणि कामाचं ते कागदावर. म्हणून हे पत्र.

बसव जयंतीला तुझ्या शोरूममध्ये गाडी बुक केली. सहा आठवड्यांत देतो म्हणालास. नऊ झाले. दुकानामागचं शेड रिकामं केलं, वह्यांचे गठ्ठे घरात आणून टाकले, आता तुझी मामी त्यांना ठेचकाळती आणि मला बोलती. मोबाइलवर बघावं तर सोमवारी गाडी 'निघाली', बुधवारी परत 'प्रक्रियेत'. निघालेली गाडी मागं कशी जाती, हे मला एकदा समजावून सांग.

शेजारचा मल्लिनाथ रोज दुकान उघडताना विचारतो, आली का? मी म्हणतो, येऊन राहिली. महिनाभर तेच सांगून मलाच लाज वाटाय लागली. मामीचे दोन्ही गुडघे बदलल्यापासून तिला एसटीची पायरी चढवत न्हाई. औशाला माहेरी जाऊन वर्ष झालं. तिच्यासाठी तर हा सगळा खटाटोप.

मागच्या आठवड्यात कंपनीच्या पोरीचा पुण्याहून फोन आला होता. लई गोड बोलती. तिला मी ठणकावून सांगितलं, आमचा भाचाच हाय तिथं.

तुझ्या आईला, गंगम्माताईला नमस्कार सांग. लोभ आहेच, गाडी धाडून तो वाढवावा.

तुझा मामा,
शिवमूर्ती


नांदेड
१६ जुलै २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही हातात नव्हतं. आजही नाही.

मामा, खरं सांगतो. आठ-दहा दिवसांपासून द्यायच्या राहिलेल्या गाड्यांच्या यादीत तुमचं नावच दिसत नाही. मॅनेजरला विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाइकानं बुकिंग रद्द केलं असंल, तू तुझं काम बघ. कंपनीला चार मेल केले. उत्तर येतं ते यंत्राचं, तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे म्हणून. गाडी कुठं उभी आहे हे सांगायला माणूसच सापडंना.

दिवसभर दुसऱ्यांना किल्ल्या देऊन राहिलो, हार घालून, पेढे वाटून. माझ्या मामाची गाडी कुठं आहे ते मलाच ठाऊक नाही, याची फार लाज वाटते. तुमचा फोन आला की दोनदा घंटी वाजू देतो, मग उचलतो. आठ दिवस थांबा, एवढीच विनंती.

आईचा गुडघ्यांबद्दल मामीला निरोप, जिना चढू नका म्हणून. रागावलात तरी लोभ कमी करू नये.

तुमचा,
संगमेश


उदगीर
११ ऑगस्ट २०२५

संगमेश,

आशीर्वाद लिहायला हात धजत न्हाई, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

आठ दिवस म्हणालास, तीन आठवडे थांबलो. शुक्रवारी शोरूममध्ये मी जे बोललो ते चारचौघांत बोललो आणि मला त्याचा पस्तावा न्हाई. माझ्याच मॉडेलची, माझ्याच पांढऱ्या रंगाची गाडी तू रस्त्याची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदाराला हार घालून देऊन राहिलास. मी डोळ्यांनी बघितलं. वर तुझा मॅनेजर कॉम्प्युटर बघून मला सांगतो, तुमची गाडी तर तुम्हाला पोचली. मला पोचली? मग ती कुणी नेली? घरात वाढवलेलं पोर माझी गाडी दुसऱ्याला विकतं, मग चोर म्हणू नको तर काय म्हणू? लेखी तक्रार दिली, खाली सही केली, दुकानाचा शिक्काही मारला.

लातूरहून अक्षरा फोनवर म्हणाली, अप्पा, तुम्ही घाई केली, मी कंपनीकडून खरं काय ते काढते. काढ म्हणालो. माझी लेक तेवढी माझ्या बाजूची असावी.

यापुढं पत्र धाडू नये.

शिवमूर्ती


लातूर
६ सप्टेंबर २०२५

ती. अप्पांस,
अक्षराचा सा. न. वि. वि.

अप्पा, हे फोनवर सांगणार होते. पण तुम्ही मध्येच बोलायला लागता आणि माझं राहून जातं. म्हणून बसून वाचा, आईला जवळ बसवून.

दहा-बारा दिवस कंपनीच्या मागे लागले, शेवटी त्यांनी तुमच्या फोनचं रेकॉर्डिंग पाठवलं. २६ जूनचं आहे. मी चार वेळा ऐकलं. ती मुलगी विचारते, काका, गाडी आली का? तुम्ही म्हणता, "हाव, येऊन राहिली." ती विचारते, काही तक्रार? तुम्ही म्हणता, "काईच न्हाई. आमचा भाचाच हाय तिथं."

ती पुण्याकडची. आपल्याकडं येऊन राहिली म्हणजे वाटेत आहे. तिनं ऐकलं, आली आणि राहिली. तिनं लिहिलं, गाडी मिळाली, ग्राहक समाधानी. त्या नोंदीमुळं तुमचं नाव यादीतून गेलं. गुत्तेदाराची गाडी त्याचीच होती. कॉम्प्युटर म्हणतो गाडी पोचली, तुम्ही म्हणता पोचली नाही, वर तुम्ही दिलेला चोर हा शब्द. मॅनेजरनं संगमेशला टेबलावरून काढलं. महिना होत आला, तो मागे गाड्या धुतो.

अजून एक आहे, ते लिहिताना मलाच कसंतरी होतंय. हे रेकॉर्डिंग मी त्याला पंधरा दिवसांपूर्वीच ऐकवलं होतं. मॅनेजरला दाखव म्हणाले. तो म्हणाला, नको, ते सगळ्यांसमोर लावतील आणि हसतील, "मामाला लाज वाटंल." तुम्हालाही सांगू नको म्हणून मला शपथ घातली. ती मी आज मोडली.

आता काय करायचं ते तुम्ही ठरवा. रागवा, पण माझ्यावर रागवा.

तुमची,
अक्षरा


उदगीर
१४ सप्टेंबर २०२५

चि. संगमेश यास अनेक आशीर्वाद. ते घ्यायचे की न्हाई हे तू ठरव.

अक्षराचं पत्र वाचून दोन दिवस दुकान उघडलं न्हाई. तुझी मामी ताट वाढून आत जायची. ती रागावली की बोलती, हे मला तीस वर्षं ठाऊक. गप्प पहिल्यांदाच बसली.

शुक्रवारी पहिल्या बसनं नांदेड गाठलं. शोरूम भरेपर्यंत बाकड्यावर थांबलो. त्या दिवशी होती तेवढी माणसं जमली, तेव्हा उभा राहिलो. म्हणालो, "महिन्यामागं मी इथंच माझ्या भाच्याला चोर म्हणालो. गाडी आली असं माझ्याच तोंडून गेलं होतं. हा चोर न्हाई." मॅनेजरच्या टेबलावर अक्षरानं दिलेलं रेकॉर्डिंग लावायला लावलं. लोक हसले. हसू द्या म्हणालो. माझाच आवाज, किती तोऱ्यात बोललो होतो मी. तक्रार परत घेतली, तशीच सही, तसाच शिक्का.

तुला दोनदा निरोप धाडला, बाहेर ये म्हणून. तू आला न्हाईस. बरोबर केलंस. मी पण आलो नसतो. बापाविना पोर म्हणून तुला घरी आणलं, तेव्हा ताईला शब्द दिला होता की याला कुणी वेडंवाकडं बोलू देणार न्हाई. ते बोलणारा मीच निघालो. ताईसमोर कोणत्या तोंडानं येऊ?

गाडीची नोंद आता नव्यानं झाली, नंबर सगळ्यात शेवटचा. तो तसाच राहू दे. माझ्यासाठी कुणाच्या पुढं जाऊ नको.

पत्राचं उत्तर मागायचा हक्क मी घालवला. तरी पोस्टमनची वाट बघीन.

मामा


नांदेड
१९ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सोमवारपासून मला टेबल परत मिळालं. मॅनेजरनं सगळ्यांसमोर हात मिळवला. आईला सांगितलं, ती रडली आणि मग तुमच्यासाठी धपाटे करायचं घेऊन बसली. पुढच्या रविवारी ते घेऊन येतो आहे.

पण एक लिहिलं पाहिजे. तुमच्यापासून लपवलेलं हे दुसरं, आणि शेवटचं. मी रागानं आत थांबलो असं तुम्ही समजलात. तसं नव्हतं. गाड्या धुतो तिथं मोठी काच आहे, तिच्यातून सगळं शोरूम दिसतं. तुम्ही डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. माझ्या उभ्या आयुष्यात मी तुम्हाला परक्या माणसांसमोर मान खाली घातलेलं बघितलं नव्हतं. लोक हसले तेव्हा धावत यायला पाहिजे होतं, तुमच्या शेजारी उभं राहायला पाहिजे होतं. निरोप घेऊन माणूस आला. मी नळ मोठा सोडला आणि ऐकू आलं नाही असं केलं. तुम्ही बसकडं निघालात तेही बघत राहिलो.

तुम्ही मला चोर म्हणालात, ते मी त्या दिवशीच विसरलो होतो. तुम्ही एकटे उभे होतात, हे मला विसरता येत नाही.

माझ्यावरचा लोभ अजून आहे का, तेवढं एका ओळीत कळवा.

तुमचा,
संगमेश