कंपनीच्या नावापुढचा राव

तात्या,

आज ऑफिसात सणसरचे एक ठिबकवाले आले होते. वेबसाइट करून हवी होती, आणि तिच्या पत्त्यात ते ज्या कंपनीच्या नळ्या विकतात तिचं नाव. मी म्हटलं, त्यांचा माल विकता हे साइटवर खुशाल लिहा, पण पत्ताच त्यांच्या नावाचा घेऊ नका, उद्या वकिलाची नोटीस येईल. तर खुर्चीत रेलून म्हणाले, "अवो म्याडम, समदी पंचक्रोशी आमाला त्याच नावानं वळखती. नाव आमचंच हाय की."  अगदी तुमचंच वाक्य, तुमच्याच तोऱ्यात. मी चहा मागवला आणि उगीच खिडकीबाहेर बघत बसले.

तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. इंदापूरच्या स्टँडमागं तुमचं मोटर दुरुस्तीचं दुकान, आणि मी रोज एसटीनं बारामतीला कॉम्प्युटर क्लासला. तुमच्या शर्टाला कायम वायंडिंगच्या वार्निशचा वास. दारावरची पत्र्याची पाटी पंपाच्या कंपनीनंच दिलेली, वर्षाला कॅलेंडरही त्यांचंच. आपल्याकडं माणसाला त्याच्या धंद्यातल्या कंपनीच्या नावानंच हाक मारतात. तुम्हालाही तशीच हाक यायची, आणि वर लोक नावाला राव जोडायचे. निमगावच्या बाजारात ती हाक आली की तुम्ही मान जरा ताठ करून वळायचा. मी हसायचे. मग एकदा आई चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणाली, "हसू नगं. तुज्या आज्याला गाव कोणत्या नावानं हाक मारायचं, ठाव हाय का?" आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तरी गावातल्या काही म्हाताऱ्यांची जीभ जुन्या जातीवरच वळायची. ते नाव मी इथं लिहीत नाही. राव म्हणवून घेणारे आपल्या घरातले तुम्ही पहिले. त्या दिवसानंतर मी कधी हसले नाही.

म्हणूनच साइट करायची ठरली तेव्हा तुम्ही हट्टाला पेटलात. मी म्हणत होते, दुकानाला वेगळं नाव देऊ. "येडी का काय तू? दुसऱ्या नावानं मला वळखतंय कोण?" मग कंपनीचं नाव आणि त्याला जोडून इंदापूर, असा पत्ता आपण घेतला. तो बघायला तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून क्लासला आलात. चपला दाराबाहेर काढल्या. फोनची लाइन कितीतरी वेळ कुरकुरली, आणि मग पान वरून खाली सावकाश उतरत गेलं. आधी नाव, मग तुमचा फोटो, मग पंप. तुम्ही विचारलंत, "हे अमेरिकेतबी दिसतं?" मी हो म्हणाले. तुम्ही चष्मा काढून पुसलात. तात्या, तो चेहरा मला परत एकदा बघायचाय. दुसरं काही नको.

पुढं नोटीस आली. इंग्रजीत होती, म्हणून बारामतीच्या वकिलांकडं गेलो. माणूस म्हणून ते बरे होते, समजावून सांगत होते. "हे नाव कंपनीनं नोंदवलेलं आहे, मालकी त्यांची. तुम्ही त्यांचे पंप दुरुस्त करता हे सांगायला कुणाची ना नाही. पण पत्ताच त्यांच्या नावाचा, म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार कंपनीच बोलतेय. तुम्ही प्रामाणिक आहात. उद्या दुसरा कुणी असाच पत्ता घेऊन बनावट मोटरी विकेल, मग? पत्ता देऊन टाका, आणि त्यांनीच दिलेली असली तरी पाटीही उतरवा, नोटिशीत तीही परत मागितलीय. कोर्टात टिकणार नाही." तुम्ही हात जोडून विचारलंत, "पर सायेब, हितं हे नाव घरोघर नेलं कुणी?" वकिलांनी पेनाचं टोपण लावलं. 

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी, मी शेजारी. सणसरला एक शेतकरी चढला आणि तुम्हाला बघताच गाडीभर ऐकू जाईल अशी त्यानं हाक मारली, त्याच नावानं, राव लावून. तुम्ही मात्र वळलात, त्याची मोटर का गरम होते ते विचारलंत, उद्या येतो म्हणालात. तो निमगावला उतरला. मग माझ्याकडं न बघता बोललात, "नाव त्यांचं आसंल बाय. राव तर लोकांनी लावलाय न्हवं?" मी तुमचा हात धरायला हवा होता, पण आपल्या घरात तशी रीत नव्हती.

पत्ता आपण देऊन टाकला. पाटी उतरवली, नवा पत्रा आणला. रंगारी ब्रश बुडवून विचारत होता, काय लिहू? मला वाटलं, आता तुम्ही स्वतःचं नाव सांगाल. तुम्ही मात्र माझं नाव सांगितलंत. "पोरीचं लिवा. त्येच्यावर कुणाची नोटीस येत न्हाय." पाटी वाळेपर्यंत तुम्ही दारात स्टूल टाकून बसला होता, धूळ बसू नये म्हणून वर्तमानपत्र धरून.

तीच पाटी आज माझ्या ऑफिसात आहे. अक्षरं फिकट झालीत, पण मी रंग देऊ दिलेला नाही. ठिबकवाल्यांनी जाताना ती वाचली, मी तिची हकिकत सांगितली, तसे म्हणाले, बरं, आमी बी पोरीचंच नाव टाकतो. मी बरं म्हणाले, आणि ते गेल्यावर दार लावून घेतलं.

हे पत्र टाकायचं कुठं? ड्रॉवरमध्येच राहील. एवढं मात्र सांगते, तात्या. लोकांना मी दिवसभर बजावते की दुसऱ्याचं नाव वापरू नका. पण निमगावच्या बाजारात अजून एखादा म्हातारा मला हाक मारतो, कंपनीच्या नावापुढं राव लावून, त्या 'रावांची लेक' म्हणून. तेव्हा मी त्याला दुरुस्त करत नाही. मान जरा ताठ करते आणि वळते.