अविनाशच्या इंजिनाबाबत

मी, विनायक सदाशिव मोघे, वय शहात्तर, निवृत्त शिक्षक, जन्मापासून राहणार बालीगंज, कोलकाता, लिहून ठेवतो ते असे. मधुमेह सोडला तर प्रकृती ठीक आहे आणि डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर वृषाली केळकर यांनी तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. असते तर हे तीस वर्षांपूर्वीच लिहून झाले असते.

१. फ्लॅट आणि बँकेतील ठेवी माझी एकुलती मुलगी कादंबरी हिला मिळाव्यात. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठे काढले आहे. कादंबरी, तिसरे कलम अर्धवट सोडू नकोस.

२. माझी हत्यारे ज्याला खरोखर वापरायची असतील त्याला द्यावीत. इमारतीचे चिटणीस नवरे यांना एक स्क्रूड्रायव्हरही देऊ नये. पेट्रोलच्या वासाची लेखी तक्रार त्यांनी माझी पत्नी शोभा हिच्या तेराव्याच्या दिवशी आणून दिली होती.

३. माझी १९५९ सालची बुलेट ऋषिकेश अविनाश ठोसर, राहणार पुणे, याला द्यावी. ही भेट नाही. कारण लिहितो.

ऋषिकेशचे वडील, म्हणजे माझा मित्र अविनाश, खिदिरपूरला कस्टम्समध्ये होता. १९९१ साली त्याची विशाखापट्टणमला बदली झाली. बदलीवर जाणारी मराठी माणसे आपले सामान आमच्यासारख्या इथेच रुजलेल्या घरी ठेवून जात; कोणी कपाट ठेवी, कोणी हार्मोनियम. अविनाशने बुलेट ठेवली. माझ्याच गाडीची जोड, पण तिचे इंजिन ठणठणीत. माझा क्रँकशाफ्ट झिजलेला, पिस्टन ढिला, आणि शिक्षकाच्या पगारात नवे भाग बसत नव्हते. मल्लिकबाजारात जुन्या भागांसाठी तीन रविवार फिरलो. चौथ्या रविवारी दोन्ही इंजिने एकाच टेबलावर उघडली.

त्याचे चांगले भाग माझ्या इंजिनात गेले, माझे झिजलेले त्याच्या. इंजिनाचा नंबर बाहेरच्या कवचावर असतो, त्यामुळे कागदोपत्री काहीच बदलले नाही. मग मी त्याचे इंजिन रंगवले. रॉकेल आणि दातांच्या ब्रशने घासले, पॉलिशपेपर मारला, उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि सिलिंडर शोभाच्या केकच्या ओव्हनमध्ये भाजून काढला. स्वतःचे इंजिनही मी कधी इतके मन लावून रंगवले नव्हते.

"दुसऱ्याच्या गाडीसाठी एवढं?" शोभाने विचारले.

"विश्वासानं ठेवलीय त्यानं," मी म्हणालो. हे वाक्य लिहिताना मला स्वतःची किळस येते.

१९९४ साली अविनाश परतला. रंग पाहून त्याने मला मिठी मारली. दोन महिन्यांनी ऋषिकेश, तेव्हा वीस वर्षांचा, गाडी घेऊन एस्प्लनेडला गेला आणि तिथेच इंजिन जाम झाले. टॅक्सीवाल्यांच्या शिव्या खात त्याने ती घरापर्यंत ढकलत आणली. अविनाशने माझ्यादेखत त्याच्या मुस्काटात मारली.

"विनायकनं नवी करून दिली होती! दोन महिन्यांत वाट लावलीस!"

"बाबा, मी जोरात चालवलीच नाही हो."

"खोटं बोलू नकोस!"

मी चहा पीत होतो. म्हणालो, "जाऊ दे रे अविनाश, या वयात पोरं गाडी पळवतातच."

अविनाशने गाडी भंगारात दिली. ऋषिकेश पुण्याला निघून गेला; बापलेक आजही कामापुरतेच बोलतात. ऋषिकेश, तू खरे बोलत होतास आणि ते मला एकट्याला माहीत होते. मला त्याची लाज वाटते. तुमच्या घरच्या भागांवर मी तीस वर्षे फिरलो, जुन्या गाड्यांच्या रॅलीत कपही घेतला. तो कप फेकून द्यावा.

४. हे सगळे मी गेल्यावरच उघड व्हावे, असा माझा बेत होता. तो भित्रेपणा होता. अविनाश ब्याऐंशीचा आहे. माझ्याआधी गेला तर मुलाला खोटारडा समजूनच जाईल. म्हणून आज साक्षीदार म्हणून त्यालाच बोलावले आहे, आणि प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय सही करू नकोस असे सांगितले आहे.

स्थळ: बालीगंज, कोलकाता
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

सही: विनायक सदाशिव मोघे

साक्षीदार १: डॉ. वृषाली केळकर

साक्षीदार २: अविनाश गोविंद ठोसर
(स्वहस्ते) सगळे वाचले. ही सही साक्षीची आहे, माफीची नाही. चोरी विनायकने केली, पण मुस्काटात मी मारली होती. ऋषिकेशला इथूनच तीनदा फोन लावला. तो उचलत नाही.